बघणारा दुसरा हवा

आत्याचं नाक कायम मुरडलेलं असायचं. त्याबद्दल ऑफिसात दोन तट होते. एका तटाचं म्हणणं, बाईनं जन्मल्या जन्मल्या सुईणीकडे बघूनच नाक मुरडलं असणार. दुसऱ्याचं म्हणणं, नाक मुळात चांगलं सरळ होतं, या कंपनीत सव्वीस वर्षं काढल्यावर त्याला ही सवय लागली. दुसरा तट खरा होता.

कंपनी लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवायची. बोर्ड म्हणजे लिफ्टचा मेंदू. मोटर कधी फिरवायची, ब्रेक कधी सोडायचा, दार कधी उघडायचं, सगळं तो ठरवतो. दिसायला शाळेच्या दप्तराएवढी करडी पेटी. पण तिचं डोकं फिरलं तर आत उभ्या असलेल्या माणसाचं काय होईल, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही. आत्या या बोर्डांच्या चाचणी विभागाची प्रमुख. वय चोपन्न, चष्मा गळ्यात, जीभ तिखट. तिला आत्या पहिल्यांदा कोण म्हणालं ते कुणाला आठवत नाही. पण घरी आत्या येते ती चुका काढायला येते, आणि ज्याच्या चुका काढते त्याच्याच पाठीवरून जाताना हात फिरवते, हा अनुभव घरोघरचा असल्यामुळे नाव चिकटलं. तिनंही ते गोड मानून घेतलं.

चाचणीचा हॉल इमारतीच्या मागच्या अंगाला होता. तिथं दोन मजले उंच लोखंडी सांगाडा उभा होता. त्यात एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला त्याला तोलून धरणारं वजन, वर मोटर आणि ब्रेक. म्हणजे खरीखुरी लिफ्टच, फक्त भिंती नसलेली. या हॉलचा एक रिवाज होता, आत्याच्याही आधीपासूनचा. करणारा एक, बघणारा दुसरा. पहिल्यानं चाचणी करायची, लिहायची, सही करायची. दुसऱ्यानं पहिल्याचा कागद वाचायचासुद्धा नाही. त्यानं आपल्या डोक्यानं, आपल्या पद्धतीनं सगळं पुन्हा चालवून बघायचं आणि मग दुसरी सही करायची. दोन सह्या झाल्याशिवाय एकही पेटी दाराबाहेर जायची नाही. कारण अगदी साधं. शर्टाच्या पाठीवरचा डाग घालणाऱ्याला दिसत नाही, मागून येणाऱ्याला दिसतो.

पूर्वी हॉलात आत्याच्या हाताखाली पाच माणसं होती. पाच म्हणजे पाच, एका हाताच्या बोटांवर मोजता येणारी. त्यातली दोघं निवृत्त झाली. त्यांच्या हाताखाली कुणी शिकावं म्हणून माणूस मागितला, तर 'सध्या भरती बंद' असं उत्तर आलं. ती दोघं जाताना डोक्यातलं सगळं डोक्यातच घेऊन गेली. एकाला दुसऱ्या कंपनीनं उचललं. चौथा सोडून गेला त्या दिवशी साहेबांनी केक कापला आणि 'आपण आता आटोपशीर टीम झालो' असं भाषण केलं. आत्यानं केक खाल्ला नाही. तिला शिसारी आली होती.

उरली ती स्वतः आणि तेहतीस.

तेहतीस म्हणजे पस्तिशीतला एक सरळ, हुशार, सदा घाईत असलेला इंजिनीअर. साहेबांनी त्याला तीन टीममध्ये वाटून टाकला होता. आत्याकडे चौतीस टक्के, बाकी दोन टीमकडे तेहतीस-तेहतीस. तक्त्यावर तीन चौकोनांत त्याचा फोटो होता, तिन्हीकडे तोच हसरा. खरा माणूस मात्र हसत नसे. त्याला रोज सकाळी तीन बैठका असत, आणि काल काय केलं हे तीन ठिकाणी सांगता सांगता दुपार व्हायची. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात. इथं घोडं आणि शिंगरू दोन्ही हाच. आत्याला एक टक्का जास्त मिळाला होता. त्याबद्दल तिनं आभार मानावेत असं साहेबांचं मत होतं.

साहेब वाईट नव्हते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. साहेबांना माणूस दिसत नसे, तक्ता दिसे. तक्त्यात रकाने भरलेले असले की त्यांना जेवण गोड लागे.

"साहेब, एका माणसाचे तीन भाग केले की तीन माणसं होत नाहीत," आत्या म्हणाली होती. "तीन जखमा होतात."

"आत्या, तुम्ही फार भावनिक होता. माणसं असती तर दिली नसती का मी?"

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, साहेब. जी जागा रिकामी आहे ती तरी भरा."

जागा होती. चौथा गेला त्याची. आणि या जागेवरच सगळं अडलं होतं, कारण कंपनीचा नियम असा, की रिकामी जागा नव्वद दिवसांत भरली नाही तर ती रद्द. तीन महिने तिच्यावाचून चाललं, म्हणजे तिची गरजच नाही, असा त्यामागचा विचार. या न्यायानं माणूस तीन दिवस उपाशी जगला तर त्याचं जेवण कायमचं बंद करायला हवं. हे ज्यानं कुणी लिहिलं असेल त्याचं तोंड एकदा बघायची आत्याची फार इच्छा होती.

नव्या मालिकेचे नव्वद बोर्ड तयार होत होते. ते जाण्याआधी हॉलात खरोखरीचा दुसरा माणूस हवा, एवढीच तिची मागणी होती. ती मागणी घेऊन ती भरतीवालीकडे गेली. भरतीवाली गोड बोलायची आणि प्रत्येक वाक्यात 'प्रोसेस' म्हणायची. उमेदवाराच्या सात फेऱ्या व्हायच्या. पंचावन्न दिवसांत आत्यापुढे तिघं आले.

पहिला चाळीस मिनिटं बोलला. ताळमेळ, पुढाकार, जबाबदारी, सगळं बोलला. आत्यानं त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि पेटीचं झाकण उघडायला सांगितलं. परक्याचं तान्हं मूल हातात दिल्यासारखा तो त्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिला. दुसरा कॉम्प्युटरच्या पडद्यावरून मुलाखत देत होता. उत्तरं अशी फाडफाड, की आत्याला संशय आला. ती म्हणाली, "जरा तोंडावर हात ठेवा बरं." त्यानं बिचाऱ्यानं ठेवला. आवाज तसाच खणखणीत येत राहिला, कारण बोलणारा पलीकडे दुसराच कुणी बसला होता. भरतीवालीनं त्याला 'संवादकौशल्य उत्तम' असा शेरा दिला होता. तिसरा मात्र खरोखर चांगला होता. त्याच्या सहा फेऱ्या झाल्या. सातवीची तारीख मिळेपर्यंत तो दुसरीकडे लागून, पहिला पगार घेऊन, बायकोमुलांसह फिरूनही आला.

आत्याला त्या सगळ्याचा वीट आला. घरी नवरा म्हणायचा, "अगं, सोड. दोन पोळ्या शांतपणे खा." नवरा इमारतींचे नकाशे काढायचा, आता निवृत्त, चूक दिसली की पेन्सिलीनं हलकी खूण करून गप्प बसणाऱ्यांतला. आत्याला पेन्सिल जमत नसे.

साठाव्या दिवशी ऑफिसचीच लिफ्ट बंद पडली. ती दुसऱ्याच कंपनीची; दुरुस्तीला त्यांची बाई आली. पंचेचाळीसच्या पुढची, आखूड केस, खिशाखिशात हत्यारं. आत्या जिन्यानं चढत होती ती तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबली आणि बघत राहिली. लिफ्टवाली दार उघडून नुसती कान देऊन उभी होती. मीटर नाही, लॅपटॉप नाही. मग म्हणाली, "वरच्या दाराचं कुलूप अर्धवट लागतंय." आणि वर जाऊन दहा मिनिटांत ते नीट करून आली.

"कुठं शिकलात?" आत्यानं विचारलं.

"आयटीआय केलं. मग एकवीस वर्षं लिफ्टच्या भोकात." ती हसली. "आता खांदा उचलत नाही, मॅडम. डॉक्टर म्हणतात, चढउतार बंद करा. खालचं काम कोण देतंय आम्हाला?"

आत्यानं तिला तिथंच पायरीवर बसवलं. तासभर बोलणं झालं. बाई बारा गावचं पाणी प्यालेली होती. कुठल्या कंपनीचा ब्रेक थंडीत चिकटतो, कुठला बोर्ड वीज गेल्यावर बावचळतो, सगळं तिच्या बोटांना पाठ. आत्या दोन महिने जे शोधत होती ते तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून चहा पीत होतं. आत्याचं नाक त्या दिवशी, निदान तासभर, सरळ झालं असं बघणारे सांगतात.

पण फॉर्ममध्ये पदवीचा रकाना होता. गंमत बघा, चाचणीच्या कागदावर सही कुणी करावी या सरकारी नियमात पदवीचा शब्दही नव्हता. त्यात होता दहा वर्षांचा अनुभव. पदवी लागायची ती फक्त भरतीच्या फॉर्मला. आत्यानं आकांडतांडव केलं तेव्हा भरतीवालीनं कुठून तरी एक पोटकलम काढलं: एक दिवसाची प्रत्यक्ष चाचणी घ्या, विभागप्रमुखानं लिहून द्या, मग पदसमिती विचार करील. साहेब म्हणाले, "घ्या. पण बोर्ड थांबणार नाहीत हं."

एक्क्याऐंशीव्या दिवशी लिफ्टवाली आली. स्वतःच्या कंपनीतून बिनपगारी रजा काढून, धुतलेला शर्ट घालून. नव्वद पेट्यांवर दोन्ही सह्या होऊन त्या दाराशी रचल्या होत्या. चार वाजता ट्रक येणार होता. आत्यानं त्यातलीच एक पेटी सांगाड्याला जोडली आणि म्हणाली, "चालवून बघा. तुमच्या पद्धतीनं."

लिफ्टवालीनं आधी पिंजऱ्यात डोकावून बघितलं. "हा भरलेलाच ठेवता का नेहमी?"

"चाचणी भरलेल्याचीच असते. जास्तीत जास्त वजन."

"रिकामा करू या. भरलेली लिफ्ट गुणी असते, मॅडम. रिकामी झाली की गुण उधळते."

दोघींनी मिळून लोखंडी ठोकळे खाली उतरवले. लिफ्टवाली उजव्या हातानंच उचलत होती. मग तिनं सांगाड्यावर तळवा टेकला, डोळे मिटले आणि मान हलवली. आत्यानं वीज क्षणभर तोडून पुन्हा दिली. पिंजरा नीट गेला. दुसऱ्यांदा नीट गेला. पाचव्यांदा वर ब्रेकचा 'टक' आला, मोटरचा आवाज त्याच्यामागून आला, आणि तेवढ्या वेळात पलीकडच्या वजनानं रिकामा पिंजरा वीतभर वर ओढला. दार उघडं होतं.

रिकाम्या लिफ्टमध्ये माणूस शिरतो तेव्हा त्याचा एक पाय आत असतो आणि एक बाहेर.

"ब्रेक आधी सुटतोय," लिफ्टवाली म्हणाली. "मोटरनं पकडायच्या आधी. वीज झोका खाते तेव्हाच. पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. वीस वेळा चालवलं, चारदा पिंजऱ्यानं उडी मारली.

आत्यानं सह्यांचा कागद काढला. पहिली सही तेहतीसची, टीम एक. दुसरी सहीही तेहतीसचीच, टीम तीन. कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी माणसं होती, कारण तक्त्यावर ती दोन वेगळ्या चौकोनांत राहत होती. तिनं तेहतीसला बैठकीतून बोलावून घेतलं.

तो आला, कागद बघितला, पिंजरा बघितला. मग खाली बसला.

"मी खोटं नाही लिहिलं, आत्या. वीस वेळा चालवला. भरलेला."

"ते दिसतंय रे. दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदाही वीस वेळा. भरलेलाच." त्यानं कपाळाला हात लावला. "तिसऱ्या टीमचा साहेब म्हणाला, दुसरी सही आपल्या कोट्यातून दे. मी म्हटलं, पहिला मीच होतो. तो म्हणाला, तो टीम एकचा होता. मीच केलेलं, मलाच बरोबर दिसलं. दिसणारच ना?"

आत्या त्याला रागवली नाही. अर्ध्यामुर्ध्या माणसावर पूर्ण राग कसा काढणार? आणि तिला दुसरीच घाई होती. साडेतीन वाजले होते. ट्रक थांबवायचा तर कॉम्प्युटरवर दोषपत्र भरायला हवं; साहेब परगावी, त्यांचा फोन बंद. तिनं दोषपत्र उघडलं. दोष लिहिला. मग आला रकाना: दोष शोधणाऱ्याचे नाव. तिथं लिहिता यायचं नाही, यादीतून निवडायचं. यादीत फक्त नोकरीतली माणसं. लिफ्टवालीचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. रकाना रिकामा ठेवला तर पत्र पुढं सरकेना. ट्रकवाला दाराशी हॉर्न मारत होता.

आत्यानं स्वतःचं नाव निवडलं.

ट्रक रिकामा परत गेला. लिफ्टवालीनं रुमालानं हात पुसले, "येऊ का मग?" म्हणाली. आत्या म्हणाली, "आठ दिवसांत कळवते. तुमचंच काम झालं समजा." आणि ती तसं मनापासून समजत होती. खाली शेऱ्याचा रकाना होता, त्यात दोन ओळी लिहून खरं काय ते नोंदवायचं असं तिच्या मनात होतं. पण बाहेरच्या बाईला विम्याच्या कागदाशिवाय सांगाड्याला हात लावू दिला, हे त्यात आलं असतं. उद्या लिहू, म्हणून ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. खरं सांगायचं तर सव्वीस वर्षांत तिच्यासाठी टाळ्या पहिल्यांदाच वाजल्या, आणि त्या ऐकायला तिला बरं वाटलं. मग तिसरा दिवस गेला, चौथा गेला.

एकोणनव्वदाव्या दिवशी पदसमिती बसली. आत्या लिफ्टवालीच्या चाचणीचा अहवाल घेऊन गेली; त्यात 'उत्तम, ताबडतोब घ्यावी' असं लिहिलं होतं. समितीनं तो वाचलाच नाही. समितीच्या हातात दोषपत्र होतं.

"आत्या, तुमचीच केस आहे," साहेब हसून म्हणाले. "गंभीर दोष, ऐन वेळी, आहे त्या माणसांतच सापडला. विभागप्रमुखानं स्वतः शोधला. मग नवी जागा कशाला, असं समिती विचारतेय. आणि मला उत्तर देता येईना."

"साहेब, दोन्ही सह्या एकाच माणसाच्या होत्या!"

"ते केलं ना दुरुस्त. आता एक माणूस दोनदा सही करूच शकणार नाही. पहिली सही त्याची, दुसरी तुमची. तुम्ही पन्नास टक्के प्रमुख, पन्नास टक्के तपासनीस." त्यांनी तक्ता फिरवून दाखवला. दोन चौकोनांत आत्याचे दोन फोटो होते. "जागा रद्द झाली, पण गरजही संपली. आणि त्या बाईंना गरज पडेल तसं एखाद्या दिवशी बोलवा की. येतील."

आत्यानं दोषपत्राकडे बघितलं. तिच्याच हातानं निवडलेलं तिचं नाव समोर छापलेलं होतं. साहेबांची किळस करायची सवय तिला सव्वीस वर्षांची. आज ती किळस वळून तिच्याच अंगावर आली, आणि ती कुठं पुसावी ते कळेना.

संध्याकाळी घरी नवऱ्यानं कंपनीनं दिलेलं प्रशस्तिपत्र हातात घेऊन मोठ्यानं वाचलं. "'प्रसंगावधान राखून दोष स्वतः शोधून काढल्याबद्दल.' वा! पण तू तर म्हणालीस, त्या बाईनं हात टेकून..."

"हो."

"मग?"

नवऱ्यानं पत्र टेबलावर पालथं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसला न जाता लिफ्टवालीकडे गेली. एका जुन्या सहा मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या खोलीत ती मोटरखाली आडवी होऊन काम करत होती. आत्याला बघून सरपटत बाहेर आली. डावा हात छातीशी धरलेला.

आत्यानं सगळं सांगितलं. यादी, रकाना, ट्रक, टाळ्या. एकही शब्द खाल्ला नाही, आणि शेवटी माफी मागितली.

लिफ्टवालीनं आधी विचारलं, "ब्रेकचं दुरुस्त केलं का त्यांनी?"

"केलं. प्रोग्रॅम बदलला."

"बरं झालं." तिनं हात पुसायला चिंधी शोधली. "ट्रक थांबवायला तुमचं नाव घातलं, ते समजलं मला. मीही घातलं असतं. पण नंतरचे आठ दिवस? तेव्हा तर ट्रक नव्हता ना, मॅडम?"

"नव्हता."

"एकवीस वर्षं काम मी करते आणि कागदावर सही सुपरवायझरची असते. त्याचं काही वाटत नाही आता. तो तसाच आहे. तुम्ही पायरीवर बसून माझं ऐकलं होतं, म्हणून तुमचं वाटलं." ती पुन्हा मोटरकडे वळली. "आता तुम्ही बोलावलंत तर नाही येणार. ज्याच्या हातात खुर्ची आहे, त्यानं बोलवावं."

आत्या सहा मजले जिन्यानं उतरली. लिफ्ट दुरुस्तीला उघडी होती. ऑफिसात पोचल्यावर तिनं कुणाशी न बोलता एक पत्र लिहिलं. पत्र चार ओळींचं होतं. दोषपत्रातली नोंद खोटी आहे. दोष मी शोधला नाही, चाचणीला आलेल्या उमेदवार बाईंनी शोधला. खोटी नोंद मी स्वतः, समजून उमजून केली. खाली सही, तारीख. एक प्रत तिनं साहेबांना दिली आणि एक सरकारी निरीक्षकाच्या कार्यालयात स्वतः नेऊन पोचपावती आणली. हॉलच्या नियमांच्या पुस्तकात आठव्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं: खोटी नोंद करणाऱ्याला एक वर्ष सही करता येणार नाही. हा नियम आत्यानंच तेरा वर्षांपूर्वी लिहून घ्यायला लावला होता, दुसऱ्यांसाठी.

साहेब तावातावानं हॉलात आले. पेट्या दाराशी रचलेल्या, नव्यानं दुरुस्त केलेल्या, पहिली सही झालेल्या. दुसऱ्या सहीची जागा कोरी.

"हे काय करून बसलात? परवा माल जायचाय! सही कोण करणार आता?"

"कुणीच नाही," आत्या म्हणाली. "करणारा आहे. बघणारा नाही."

"अहो, तुमची प्रमुखपदाची खुर्ची जाईल यात, कळतंय का? निवृत्तीला चार वर्षं राहिली होती तुमची!"

"कळतंय. तुमच्या तक्त्यात माझे दोन चौकोन आहेत ना? दोन्ही पुसा. जागाच जागा होईल."

साहेब येरझाऱ्या घालू लागले. वीस मिनिटांत त्यांनी आठ फोन केले. शोधून शोधून कळलं ते एवढंच, की अख्ख्या कंपनीत दुसरी सही करायला लागणारा दहा वर्षांचा अनुभव असलेला तिसरा माणूस उरलेला नाही; सगळे आटोपले होते. पदसमिती दुपारी तातडीनं बसली. नव्वद दिवसांचा नियम, सात फेऱ्या, पदवीचा रकाना, ज्या गोष्टी तीन महिने डोंगरासारख्या आडव्या होत्या त्या पाऊण तासात बाजूला झाल्या. ते बघून आत्याला आनंद व्हायला हवा होता. तिचं नाक पुन्हा मुरडलं. म्हणजे हे सगळं पाऊण तासाचंच काम होतं.

साडेतीनला साहेब परत आले. चेहरा उतरलेला, आवाज मऊ. समोर खुर्ची ओढून बसले, खिशातून पेन काढलं.

"मंजूर झाली जागा. पूर्ण. एकाच टीमवर, शंभर टक्के. त्या बाईंना उद्याच यायला सांगा."

"मी नाही सांगणार. तुम्ही फोन करायचा. त्यांची तशी अट आहे."

"बरं, करतो. नंबर द्या."

आत्यानं नंबर सांगितला. साहेबांनी तो लिहून घेतला आणि पेन तसंच कागदावर टेकवून तिच्याकडे बघितलं. नव्वद पेट्या ज्या बाईमुळे दाराच्या आत राहिल्या, जिचा अहवाल कालपासून त्यांच्या टेबलावर होता, तिच्यासाठी ते विचारत होते:

"नाव काय त्यांचं?"

आत्या उठली, रिकाम्या पिंजऱ्यापाशी गेली आणि तिकडूनच म्हणाली, "त्यांनाच विचारा. आणि विचारताना आधी माफी मागा. माझी मागून झाली आहे."